देवासचा सामना मी कसा सांगितला

धारला त्या काळी क्रिकेटचे सामने बघणारे थोडे आणि ऐकणारे पुष्कळ होते. विसावं शतक नुकतंच लागलं होतं. वर्तमानपत्र यायचं ते मुंबई-पुण्याचं, तेही शिळं, आणि आमच्या सामन्याची त्यात ओळसुद्धा येण्याचं कारण नव्हतं. संघ परगावी खेळायला गेला की काय झालं ते कळायचा मार्ग एकच: गेलेला माणूस परत येऊन सांगेल ते. तो सांगणारा माणूस मी होतो.

मी धार संस्थानच्या दफ्तरात कारकून होतो, वय बावीस. स्वतः खेळायला उभा राहिलो तर चेंडू येताना डोळे मिटायचो, पण अक्षर चांगलं आणि लक्ष पक्कं म्हणून संघाबरोबर रन लिहायला मला नेत. परत आलो की चौकात मिठाईवाल्याच्या दुकानापुढे माणसं गोळा व्हायची. मिठाईवाला माळव्यातलाच. तो कढईखालचा जाळ कमी करायचा आणि म्हणायचा, "हां भिया, अब शुरू से बोलो, कुछ छोड़ना मत." मी पाटावर उभा राहायचो आणि पहिल्या बॉलपासून सुरुवात करायचो. आमची विकेट पडली की लोक हळहळायचे, चौका बसला की ओरडायचे. सामना संपून दोन दिवस झालेले असायचे, पण चौकात तो तेव्हाच चाललेला असायचा. मला त्याची चटक लागली होती, हे आधीच कबूल करतो.

चौकातून घरी आलो की तोच सामना मला पुन्हा सांगावा लागे, आत्याबाईंना. आत्याबाई माझ्या वडिलांची थोरली बहीण. अकराव्या वर्षी विधवा झाली, तेव्हापासून आमच्याकडेच. तिनं आयुष्यात एकही सामना पाहिला नव्हता. तिला मैदानावर कोण नेणार? पण खेळ तिला माझ्याइतका कळायचा. ती माजघरात पाट उलटा घालायची, खडूनं त्यावर मैदान काढायची, आणि मी सांगेन तिथे एकेक चिंचोका ठेवायची. चिंचोके म्हणजे आमचे खेळाडू. बोलर बदलला की मला थांबवायची. "थांब. हा आला तर तो गेला कुठे? आणि रन किती झाले? तू रंगात आलास की रन सांगायला विसरतोस." चौकातली माणसं टाळ्या द्यायची, आत्याबाई प्रश्न विचारायची. सांगणं म्हणजे काय ते मी तिच्याकडून शिकलो, चौकाकडून नाही.

त्या वर्षी धार आणि देवास यांच्यात तीन सामने ठरले होते. पहिला आम्ही जिंकलो, दुसरा ते. तिसरा देवासला. आमचे कप्तान दफ्तरातले मोठे अंमलदार होते, माझे वरिष्ठ. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. विकेटच्या मागे तेच उभे राहायचे, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या रुबाबावर मी लुब्ध होतो. संघात बाकीचे बहुतेक दफ्तरातले नाहीतर शाळेतले मास्तर. एकच माणूस वेगळा होता, पागेतला जिनगर. घोड्यांची खोगिरं शिवायचा. तिशीचा, कमी बोलणारा. हातात चेंडू आला की सुटत नसे. वर्षभर चामडं ओढून बोटं तशी झाली होती.

देवासचं राज्य थोरल्या आणि धाकट्या पातीत, म्हणजे दोन भावांच्या वंशांत वाटलेलं; दोन्ही पात्यांचे लोक मैदानाभोवती दाटीनं उभे होते. मी एका कडेला झाडाच्या सावलीत वही घेऊन बसलो होतो. दुपार कलली तेव्हा देवासची शेवटची जोडी खेळत होती आणि त्यांना दोन रन हवे होते. आम्हांला एक विकेट.

आमच्या बोलरनं बॉल टाकला. बॅटची कड लागून तो सरळ वर उडाला, विकेटच्या डोक्यावर. रावसाहेब ओरडले, "माझा!" आणि हातमोजे जोडून खाली उभे राहिले. दुसरं कुणी जवळ नव्हतं. देवासचे दोघे जागच्या जागी मान वर करून बघत राहिले. चेंडू मोज्यांत आला, क्षणभर राहिला आणि खाली पडला.

पुढचा बॉल जोरात मारला गेला. जिनगर लांब सीमेवर आंब्याखाली उभा होता. तो धावला, आडवा पडला, त्यानं चेंडू अडवलासुद्धा. पण तोवर दोन रन झाले होते.

हरण्याचं दुःख काय असतं हे मला त्या दिवशी कळलं. देवासचे लोक नाचत होते आणि मी रिकाम्या मैदानाकडे बघत मनात तो बॉल पुन्हा पुन्हा वर उडवत होतो, पुन्हा पुन्हा झेलत होतो.

परतीला रावसाहेबांनी मला आपल्या टांग्यात घेतलं. असं आधी कधी झालं नव्हतं. इंदूर आलं. तेव्हा रस्त्याकडे बघतच ते म्हणाले, "तुम्ही सांगता फार छान. काय सांगायचं, काय नाही, ते तुम्हांला कळतंच."

"होय साहेब," मी म्हणालो.

एवढंच. त्यांनी मला खोटं बोलायला सांगितलं नाही. जिनगराचा विषयही काढला नाही. तो त्यांनी काढला असता तर मला आज थोडा आधार असता. जिनगराचं नाव मीच शोधलं. इंदूर ते धार मी चौकात सांगायचं वाक्य मनात जुळवत होतो आणि जुळलं तेव्हा मला ते चांगलं वाटलं, ही त्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट. जिनगर सामानाच्या गाडीबरोबर एक दिवस मागे होता.

चौकात त्या दिवशी कधी नव्हती एवढी गर्दी होती. मी पहिल्या बॉलपासून सांगितलं. शेवटची जोडी आली तेव्हा कुणी खोकतसुद्धा नव्हतं. "बॉल उंच उडाला," मी म्हणालो, "उंच, उंच, आणि थेट जिनगराच्या हातांत आला." लोक ओरडले. मी हात वर करून त्यांना थांबवलं. मग हात खाली टाकला. "आणि सुटला."

असं सांगणं मला पुन्हा कधी साधलं नाही. मिठाईवाल्यानं झारा आपटला. "अरे हाथ में आया हुआ!" एक म्हातारे शिक्षक चक्क डोळे पुसत होते. संघातले दोघे-तिघे गर्दीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, आणि निघून गेले. रावसाहेबांच्या हाताखाली त्यांनाही नोकरी करायची होती.

घरी आत्याबाई पाट मांडून बसली होती. मी तेच सांगितलं, त्याच हातवाऱ्यांसह, पुढच्या बॉलच्या दोन रनांसकट. तिनं हळहळ केली नाही. आंब्याखालच्या चिंचोक्यावर तिनं बोट ठेवलं.

"हा इथे होता?"

"हो."

"आणि झेल इथे सुटला?"

"हो म्हणालो ना."

"मग त्यांनी रन काढले असतील."

मी पगडी काढून खुंटीला लावली.

"शेवटची जोडी," ती म्हणाली. "बॉल उडाला की पळत सुटायचं, त्यांचं जाणार काय होतं? आंब्यापर्यंत जाऊन तो खाली येईतो दोन रन सहज होतात. सामना तिथेच संपतो. पण तू म्हणतोस पुढच्या बॉललाही दोनच हवे होते. म्हणजे ते पळालेच नाहीत. म्हणजे चेंडू लांब गेलाच नव्हता." तिनं बोट उचललं आणि विकेटमागच्या चिंचोक्यावर ठेवलं. "यानं सोडला. होय ना?"

मी मान हलवली.

"मग त्या बिचाऱ्याचं नाव का घेतलंस?"

"ते माझे साहेब आहेत, आत्याबाई."

"ते ठाऊक आहे मला. मी विचारलं, जिनगराचं नाव का घेतलंस? 'कुणाच्या तरी हातून सुटला' म्हणाला असतास."

याचं उत्तर आता माझ्यापाशी आहे. कुणाच्या तरी हातून म्हटलं असतं तर चौक तसा ओरडला नसता.

"उद्या जा आणि नीट सांगून ये," ती म्हणाली. मी हो म्हणालो आणि गेलो नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही.

जिनगर परत आला. बाजारात भाजीवाल्यानं त्याच्याकडे लिंबू फेकलं, "झेलो भिया!" त्याला वाटलं थट्टा आहे. त्यानं लिंबू झेललं, हसून परत दिलं. दुसऱ्या दुकानातून कांदा आला, तोही त्यानं झेलला. पुढे रोज कुणीतरी काहीतरी फेकायचं. तो प्रत्येक वेळी झेलायचा, आणि तरी लोक हसायचे. मी हे दोनदा डोळ्यांनी पाहिलं आणि दोन्ही वेळा गल्लीतून वळलो. आठवड्याभरात पागेच्या दारोग्यानं त्याला सांगितलं की पुढच्या हंगामात खेळायला यायची गरज नाही.

मग एका दुपारी तो दफ्तराच्या ओसरीवर आला. चपला खाली काढून ठेवल्या. मी उठून बाहेर गेलो.

"कारकूनसाहेब, रागावू नका, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "चौकात तुम्ही माझं नाव घेतलं म्हणतात. मी विचार केला, तुम्ही त्या टोकाला बसला होतात. ऊन डोळ्यांवर असेल. लांबून तसं दिसलं असेल. होय ना?"

तो मला वाट काढून देत होता. ज्याचं मी नुकसान केलं त्यानंच माझ्यासाठी सबब शोधून आणली होती, घासूनपुसून माझ्या हातात ठेवली होती. मी फक्त "नाही" म्हणायचं होतं.

"हो," मी म्हणालो. "ऊन फार होतं रे."

"बस, तेवढंच. मला वाटलं, माझ्या हातून काही चुकलं की काय, तुमचा राग आहे की काय." त्यानं नमस्कार केला, चपला घातल्या आणि गेला. मी झाडाच्या दाट सावलीत बसलो होतो आणि ऊन माझ्या पाठीकडून होतं.

चौकात मी जे केलं त्याला निदान भीतीचं, हरल्याच्या दुःखाचं नाव देता येतं. ओसरीवर केलं त्याला कोणतंच नाव देता येत नाही. घरी आत्याबाईंना ते सांगितलं तेव्हा तिनं पोळ्या लाटणं थांबवलं नाही. एवढंच म्हणाली, "यापुढे मला सामना सांगू नकोस." तिनं तो शब्द शेवटपर्यंत पाळला.

दसऱ्यानंतर कळलं की जिनगर देवासला गेला. तिकडच्या पागेत त्याला काम मिळालं होतं. पुढच्या थंडीत देवासचा संघ धारला यायचा ठरला, आणि त्यात त्याचं नाव होतं. चौकात बेत सुरू झाले: तो मैदानात उतरला की चारी बाजूंनी लिंबं फेकायची. मिठाईवाला टोपली भरून आणणार होता.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मी दुकानापुढे गेलो. पाटावर चढलो नाही, खालीच उभा राहिलो. म्हणालो, "गेल्या वर्षी देवासला झेल जिनगरानं सोडला नव्हता. रावसाहेबांनी सोडला. मी खोटं सांगितलं."

माझा आवाज नीट निघालाही नाही. मागच्या माणसांनी "काय म्हणाला?" असं विचारलं आणि मला ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

मिठाईवाल्यानं झारा खाली ठेवला. "तो भिया," तो म्हणाला, "हम साल भर किसको गाली देते रहे?" कुणी मला मारलं नाही, शिवी दिली नाही. लोक पांगले. ज्यांनी मला दोन-तीन वर्षं जिवाचा कान करून ऐकलं होतं, त्यांतला एकही जाताना माझ्याशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी कुणी लिंबू फेकलं नाही. सामना देवासनं जिंकला. संध्याकाळी त्यांच्या गाड्या जुंपत होत्या तेव्हा मी त्याच्यापाशी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला 'तुम्ही' म्हणालो.

"ऊन नव्हतं," मी म्हणालो. "मला सगळं स्वच्छ दिसलं होतं. तुमचं नाव मी मुद्दाम घेतलं."

तो बॅटींचा गठ्ठा दोरीनं आवळत होता. गाठ पक्की करूनच त्यानं वर पाहिलं. "आई माझी बाजारात जायची बंद झाली होती," तो म्हणाला. "भाजी आणायला शेजारणीला पाठवायची." मग गठ्ठा गाडीत टाकून, "आता देवासच्या बाजारात जाते." तो गाडीत चढला. मला क्षमा केली की नाही ते त्यानं सांगितलं नाही आणि विचारायला मला तोंड नव्हतं.

महिन्याभरात माझी बदली लांब आडरानात, डहीच्या बाजूला झाली. ती शिक्षा होती की तिकडे खरंच माणूस हवा होता, हे मला कधी कळलं नाही. रावसाहेबांनी हुकूम नेहमीच्याच नम्रपणे हातात दिला. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं याचीही लाज वाटली.

चार वर्षांनी परत आलो तेव्हा चौकात सामने सांगायला दुसरा माणूस होता, तारघरातला. अगदी वाईट सांगायचा. कोण खेळतंय हे विसरायचा, विकेटी मागेपुढे करायचा. मी गर्दीच्या मागे उभा राहून ऐकत होतो. मधेच कुणीतरी ओरडून विचारलं, "तो रनआउट कुणाच्या चुकीनं झाला?"

"ते मला दिसलं नाही," तो म्हणाला. "समोर एक जाडा माणूस उभा होता."

लोक हसले आणि तो पुढे सांगू लागला.