रॉकेटच्या तारखेवर धरलेला हॉल

कंट्रोलरचाचांच्या लेखी रॉकेट ही एस.टी.च होती. ‘उडालं’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. रॉकेट लागायचं, सुटायचं, लेट व्हायचं, रद्द व्हायचं. त्यात उपग्रह बसायचे. “या खेपेला एक रिझर्व्हेशनवाला हाय, मॅनेजरसाहेब, अन् दोन बारके उभ्यानं चाललेत,” असं ते माझ्या टेबलासमोर बसून सांगायला लागले की लग्नाच्या हॉलची तारीख धरायला आलेला मुलीचा बाप त्यांच्याकडं आणि मग माझ्याकडं संशयानं बघायचा. माझं गिऱ्हाईक बिचकवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

जन्म सोयगावकडचा, सगळी नोकरी औरंगाबादच्या बसस्थानकात वाहतूक नियंत्रक म्हणून गेलेली. कोणती गाडी कुठल्या फलाटावर, ते भोंग्यावरून सांगायचं. रिटायर झाले तरी लोक कंट्रोलरच म्हणायचे. मी उस्मानपुऱ्यात लग्नाचा हॉल सांभाळायचो. आमच्याकडं पंचांगवाल्यांची लग्नं व्हायची तशी निकाहही व्हायचे. मागच्या अंगणात बिर्याणीचे डेग चढले की माझी शाकाहारी बायको त्या दिवशी माहेरी जायची. चाचा आले ते मुलीच्या लग्नासाठी तारीख धरायला. पहिलंच वाक्य त्यांनी असं टाकलं की मी कपाळाला हात लावला. “आमच्यात मुहूर्ताची भानगड नाय, पण रॉकेटची हाय.”

भानगड अशी की त्यांची एकुलती एक मुलगी नसीम दक्षिणेत उपग्रहांच्या कामावर होती. वर जाणाऱ्या एका उपग्रहात कॅमेरा बसणार होता आणि त्याच्या तपासणीवर ती होती. तो कॅमेरा म्हणे आपल्या धरणांतलं पाणी वरून बघणार. “जायकवाडीत किती पाणी हाय ते माझी पोरगी सांगंल, मग पेपरवाले छापतील,” असं चाचा रिक्षावाल्यालासुद्धा सांगायचे. उपग्रह जाईपर्यंत तिला सुट्टी मिळणार नव्हती. नवरामुलगा वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर, माणसं चांगली, मंगनी झालेली. रॉकेट सुटलं की पुढच्या महिन्यात निकाह, असा चाचांचा सरळ हिशेब होता. चाची आधीच गेलेल्या. पोरीला नांदायला पाठवून आपण मोकळं व्हायचं, एवढंच त्यांना आयुष्यात उरलं होतं.

मग सुरू झाला माझा छळ. रमजान टाळायचा, मोहरम टाळायचा, माझ्याकडच्या दाट मुहूर्ताच्या तारखा टाळायच्या आणि वर रॉकेट. चाचा रोज सकाळी वाचनालयात जाऊन इंग्रजी पेपर चाळायचे, रेडिओला कान लावायचे. आपल्या रॉकेटच्या आधी कोणतं आहे, त्यात कुणाचा उपग्रह आहे, तो तयार आहे की नाही, सगळं त्यांना पाठ. मी वैतागून म्हणालो, “दुसऱ्यांच्या रॉकेटशी तुम्हाला काय करायचंय?” तर म्हणाले, “फलाट एकच हाय ना तिथं. पुढची निघाल्याबिगर मागची लागंल कशी?” मी तारखेवर पेन्सिलनं त्यांचं नाव लिहायचो आणि खोडरबर जवळच ठेवायचो.

पहिली तारीख गेली ती नसीममुळंच. कॅमेऱ्याची एक जोडणी तिला खटकली. थंडीत ठेवून बघितलं की चित्र मधेच तुटायचं, मग पुन्हा नीट. वरचे साहेब म्हणाले, चालतंय. ही म्हणाली, नाही चालत, परत तपासा. चाचांच्या घरात फोन नव्हता म्हणून ती रविवारी हॉलवर फोन करायची. त्या रविवारी तिनं बापाला विचारलं, थांबवू का? चाचा माझ्यासमोर म्हणाले, “ब्रेक लागत नसंल तर गाडी सोडायची नसती, बेटा. कुणी कायबी म्हणू दे.” फोन ठेवला आणि दिवसभर छाती काढून फिरले. माझ्या पोरीनं गाडी थांबवली, हे त्यांनी हॉलच्या वॉचमनलासुद्धा दोनदोनदा ऐकवलं.

तपासणीत वेळ गेला आणि नंबर हुकला. मधे दुसऱ्याचा उपग्रह बसला, त्यालाही उशीर झाला. मुलाकडच्यांचा धीर सुटला. पोरीला रॉकेट पाहिजे की नवरा ते एकदा ठरवा, असं मुलाची आई म्हणाली आणि आठवड्यात त्यांनी दुसरीकडं मंगनी केली. चाचा मला हे सांगायला आले तेव्हा चहासुद्धा घेतला नाही. मी खोडरबर उचललं, तर त्यांनी माझा हात धरला.

“नाव राहू द्या. तिला सांगायचं नाय. ती फोनवर तुम्हाला विचारंल, तारीख धरलीय म्हणा.”

“अहो चाचा, आज ना उद्या कळणारच की.”

“रॉकेट जाऊ द्या, मग मी सांगतो. आत्ता सांगितलं तर म्हणंल, मी थांबवली म्हणून झालं. तिच्या हातात कॅमेरा हाय. हात थरथरायला नको.”

मला त्यांचा राग आला. पण मी खोडरबर खाली ठेवलं.

तिथून पुढं रॉकेट सतत लेटच होत गेलं. कधी हवा खराब, कधी टाकीत गळती. प्रत्येक वेळी चाचा येऊन नवी तारीख धरायचे, नसलेल्या लग्नाची, आणि मी ती लिहायचो. रविवारी नसीम फोनवर विचारायची, ‘काका, मांडवाला पिवळी फुलं मिळतील का? ते लोक नाराज नाहीत ना?’ मी म्हणायचो, मिळतील, नाहीत. चाचा समोर बसलेले असायचे. हळूहळू त्यांचा सदरा अंगात सैल व्हायला लागला. रॉकेट जावं म्हणून हा माणूस नमाजात दुआ मागायचा आणि गेलं की पोरीला सांगावं लागेल म्हणून तोच भ्यायचा. एकदा मला म्हणाले, “लेट हाय तोवर बरं हाय, मॅनेजरसाहेब.”

शेवटी दिवस उजाडला. सकाळीच टीव्हीवर दाखवणार होते, म्हणून आम्ही हॉलच्या ऑफिसात बसलो. रॉकेट झकास निघालं. मी टाळ्या वाजवल्या. निवेदक भराभर बोलत होता, मग त्याचा आवाज मऊ झाला. ठरलेल्या मार्गात थोडा फरक दिसतो आहे, अधिक माहितीची वाट बघत आहोत, असं काहीतरी तो म्हणाला. चाचा खुर्चीतून उठले.

“गेली,” ते म्हणाले.

“थोडा फरक म्हणतोय हो तो.”

“अशी अनाउन्समेंट मी केलीय. घाटात गाडी पडली तवा. फलाटावर घरची माणसं उभी असत्यात. गाडी उशिरा धावत आहे, असं म्हणायचं. आवाज असाच लागतो.”

उपग्रह समुद्रात पडला. दोष रॉकेटच्या वरच्या टप्प्यात होता. कॅमेऱ्यात तसूभर खोट नव्हती.

चाचा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत, पण माझ्यापुरते ते गेले नसीम आली त्या दिवशी. ती पुण्यापर्यंत रेल्वेनं आणि तिथून एस.टी.नं येणार होती. “तुम्ही संगं चला, मला एकट्याला नाय जमायचं,” असं म्हणून त्यांनी मला बसस्थानकावर नेलं. घरी नेऊन, जेवू घालून मग सांगायचं असं ठरलं होतं. पोरगी उतरली ती निम्मी झालेली. डोळे सुजलेले होते, तरी बापाला बघून हसली.

“अब्बा, आता धरा तारीख. आता मला सुट्टीला कुणी नाही म्हणत नाही.” मग माझ्याकडं वळून, “काका, हॉल आहे ना?”

चाचांनी माझ्याकडं बघितलं. त्या पोरीला आणखी एकदा ‘हो’ म्हणणं मला जमलं नाही. तिथंच, गर्दीत, मी सांगून टाकलं.

“मी कॅमेरा थांबवला तेव्हाच मोडलं ना?” तिनं विचारलं.

“तू बराबर केलं, बेटा,” चाचा घाईघाईनं म्हणाले. “अगदी बराबर केलं. तशी गाडी सोडायची नसती.”

तिनं बॅग खांद्यावर नीट केली.

“पन गाडी तो नै पहुंची ना, अब्बा.”

चाचांनी तिची बॅग घ्यायला हात पुढं केला. तिनं दिली नाही. ती एकटीच रिक्षाकडं चालायला लागली आणि ते तसाच हात पुढं करून माझ्या शेजारी उभे राहिले.