कॅप्टनची सातवी पायरी

माझा मामा एकतीस वर्षं एका बंगल्याचा रखवालदार आहे, आणि या एकतीस वर्षांत त्या बंगल्यात चोरण्यासारखं काहीही नव्हतं. समुद्राकडे तोंड करून उभा असलेला दुमजली बंगला. हातभर जाडीच्या दगडी भिंती, उतरती कौलं, तिन्ही बाजूंनी व्हरांडा, आणि आत नुसती खारी हवा. मालक लांबच्या शहरात. मग मामाने राखायचं काय? तर त्याने बंगल्याचे जुने मालक राखायला घेतले. मेलेल्या माणसांची एवढी काळजी घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. जिवंतांचं म्हणाल तर माझ्या लग्नाची तारीख तो साफ विसरला होता.

पहिला मालक जहाजावरचा कॅप्टन. बंगला त्यानेच बांधला. त्याच्याकडून तो एका डॉक्टरने घेतला. डॉक्टर वाऱ्याला इतका भ्यायचा की त्याने समुद्राकडच्या सगळ्या खिडक्या बंद करून टाकल्या आणि पुढे आयुष्यभर उकडतंय, उकडतंय म्हणून कुरकुर केली. त्याच्यामागे बंगला त्याच्या दोन मुलींकडे आला. त्या एकमेकींशी बोलायच्या नाहीत. एक वर राहायची, एक खाली, आणि मध्ये घंटेची दोरी.

"दोनदा ओढली की 'मीठ आहे का', तीनदा ओढली की 'चूक तुझीच होती'," मामा सांगतो.

"तुला कसं ठाऊक?" मी एकदा विचारलं होतं.

"भिंतीला दोरी घासून खाच पडलीय ती बघ. एवढी खाच मिठापायी पडते होय?"

बहिणींनंतर बंगला एका साबणाच्या कारखानदाराने घेतला, हौसेने राहायला आला, आणि दुसऱ्याच दिवशी जिन्यावर पाय मुरगळून जो गेला तो परत फिरकला नाही. त्याचा नातू म्हणजे आताचा मालक. त्याला बंगला पाडून तिथे हॉटेल बांधायचं होतं.

आता मामा-मामीच्या दोन खोल्या या बंगल्याच्याच मागच्या अंगाला, स्वयंपाकघराला लागून. बंगला गेला की त्याही गेल्या, आणि एकसष्टाव्या वर्षी मामाला दुसरा बंगला कोण राखायला देणार? वाचायचा एकच मार्ग होता. जुन्या वास्तूंची पाहणी करणाऱ्या समितीने सांगायला हवं होतं, की ही इमारत कॅप्टनने बांधली तशीच्या तशी उभी आहे, हिला कुणी हात लावायचा नाही.

तशीच्या तशी! इथेच घोडं पेंड खात होतं. समुद्राने जे जे खाल्लं ते ते मामाने एकतीस वर्षं आपल्या हाताने, मिळेल त्या वस्तूने, कुणालाही न विचारता बदललं होतं. म्हणून पाहणीच्या आदल्या दिवशी मामीचा मला फोन आला.

"तू ये बाई. ह्यांच्या तोंडाला कुलूप लावायला घरचंच माणूस हवं."

समितीच्या आर्किटेक्टबाई वेळेवर आल्या. गळ्यात कॅमेरा, हातात वही, डोळ्यांवर दोन चष्मे, एक नाकावर आणि एक कपाळावर. मामीने ठरवून दिलं होतं, की मामाने फक्त 'हो मॅडम' म्हणायचं, आणि तो त्यापलीकडे गेला की ती खोकणार. चहाचा ट्रे घेऊन ती आमच्या मागोमाग निघाली.

व्हरांड्याच्या कठड्यापाशी बाई थबकल्याच. "काय सुंदर मासे कोरलेत! दर्यावर्दी माणसाचं घर, दुसरं काय असणार!"

ते पोपट होते. मामाने डॉक्टरच्या मोडक्या पलंगाच्या फळ्यांतून कापले होते आणि चोची दरवर्षी झिजत गेल्या होत्या. मामाने आ वासला. मामी खोकली.

"हो मॅडम," मामा म्हणाला.

वरच्या मजल्यावरची गोल खिडकी पाहून तर बाईंनी लागोपाठ चार फोटो काढले. कॅप्टनला जहाजाची आठवण यायची म्हणून त्याने हा गोलाकार घेतला असणार, असं त्या वहीत लिहीत असताना मी छताकडे बघत उभी राहिले. मूळची चौकोनी चौकट एका वादळात उडाली होती, आणि मामाला वायरच्या मोठ्या रिळाची चकती फुकट मिळाली होती. भिंतीचा निळसर हिरवा रंग बाईंनी नखाने खरवडला. असा रंग आता मिळत नाही, म्हणाल्या.

"मिळेल कुठून," मामी माझ्या कानात पुटपुटली, "अर्धा डबा बोटीचा, अर्धा दवाखान्याचा."

बाई प्रत्येक गोष्टीला वाहवा म्हणत होत्या, मामा 'हो मॅडम' म्हणत होता आणि त्याचं तोंड कडू होत चाललं होतं. तरी त्याने दम धरला. आपण जिंकलो असं मी मनात म्हटलं, आणि आम्ही जिना उतरायला लागलो. सातव्या पायरीवर बाईंचा पाय चुकला. वही एकीकडे, कपाळावरचा चष्मा दुसरीकडे, आणि बाई कठड्याला मिठी मारून उभ्या.

"ही पायरी कुणा अडाण्याने नंतर बसवलीय," त्या धापा टाकत म्हणाल्या. "मूळ कारागिराचा हात असा नाही. कॅप्टनच्या घरात असलं गचाळ काम! आधी ही उखडून टाका."

मामाचे कान लाल झाले. मामी खोकली. पुन्हा खोकली. तिसऱ्यांदा इतकी खोकली की बशीतली बिस्किटं उडाली.

"मॅडम," मामा म्हणाला, "ह्या बंगल्यात कॅप्टनची म्हणावी अशी हीच तर पायरी आहे!"

मग त्याला कोण थांबवणार? कॅप्टनच्या जहाजावरच्या जिन्याची सातवी पायरी इतरांपेक्षा तीन बोटं उंच होती. तीस वर्षं त्यावर काढल्यावर घरच्या एकसारख्या पायऱ्यांच्या जिन्यावर त्याचा पाय उगाच वर उचलला जायचा आणि तो धाडकन पडायचा. पायाची सवय काही मोडेना, म्हणून त्याने जिनाच बदलून घेतला. मामाने बाईंना जिन्याखालच्या कोनाड्यात वाकायला लावलं आणि वर बॅटरी मारली. पायरीच्या तळाशी छिन्नीने कोरलं होतं: 'ही उंची मी सांगितली. सुताराला बोल लावू नये.' खाली तारीख.

बाई बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा केसांना जळमटं होती.

"आणि वरची गोल खिडकी?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी केली."

"कठड्यावरचे मासे?"

"मीच. पोपट आहेत ते."

"रंग?"

"तोही मीच," मामा म्हणाला. मामी ट्रे ठेवून तिथेच पायरीवर बसली. "घ्या," ती म्हणाली, "आता बोचकी बांधा."

त्या दिवशी मला मामाचा खूप राग आला. मेलेल्या कॅप्टनची अब्रू राखायला जिवंत बायकोचं छप्पर डावावर लावलं, असं मी त्याला तोंडावर म्हणालेही. त्यावर तो म्हणाला, "अगं, तो आता स्वतः कसं सांगणार?"

महिन्याभराने समितीचं पत्र आलं. भिंती, छप्पर आणि जिना मूळचा आहे, पायरीखालचा मजकूर दुर्मिळ आहे, सबब बंगला पाडता येणार नाही. मामीने पत्र छातीशी धरलं. पण खाली एक अट होती. नंतरच्या काळातलं सगळं काम काढून टाकायचं, आणि कोणतं काम कुठल्या काळातलं हे माहीत असलेला एकच माणूस असल्यामुळे ते रखवालदारानेच काढायचं.

पुढच्या रविवारी मी गेले तर मामा कठड्याशी झुंजत होता. पहार लावून लटकला होता, घामाने थबथबला होता आणि पोपट जागचे हलत नव्हते.

"कुठल्या गाढवाने एवढं पक्कं ठोकलंय!" तो ओरडला.

"तुम्हीच!" मामी स्वयंपाकघरातून ओरडली.

मामाने पहार खाली ठेवली. कठड्यावरून एकदा तळवा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"चांगलं ठोकलंय पण, नाही का गं?"

मी दोन्ही हातांनी कठडा धरून गदागदा हलवून पाहिला. खरंच चांगलं ठोकलं होतं.