हात न लागलेली प्रयोगशाळा

माझी वहिनी गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. घरात ती दादाला दोनदा चहा देते नि मला एकदाही नाही, इतकी विसरभोळी. पण शाळेतली एक टाचणी हरवली तरी तिला झोप लागत नाही.

शाळा दहावीपर्यंतच. पुढे विज्ञान शिकायचं तर शहर गाठायला हवं, आणि मुलींना तिकडे धाडायला घरचे तयार होत नाहीत. हुशार मुली घरी बसतात, हे वहिनीला फार जाचायचं. म्हणून सरकारने प्रयोगशाळेसाठी अनुदान दिलं तेव्हा ती हरखून गेली. पहिल्या हप्त्यात साहित्य, आणि तपासणी नीट पार पडली की दुसऱ्या हप्त्यात अकरावी-बारावीचे विज्ञानाचे वर्ग, असं ठरलं होतं.

आता सरकारी वस्तूची आमच्याकडे धास्ती जुनी. मागे शाळेचा तराजू मोडला, तर भरपाई शिपायाच्या पगारातून झाली आणि वर चौकशी ती वेगळीच. तेव्हापासून मुख्याध्यापक ताकही फुंकून पितात. त्यांनी कपाटांना कुलपं घातली नि किल्ल्या वहिनीकडे दिल्या. "बाई, एवढी तपासणी होऊ द्या. मग काय प्रयोग करायचे ते करा."

वहिनीने ते जरा जास्तच मनावर घेतलं. सूक्ष्मदर्शकांसाठी माझ्याकडून कापडी खोळी शिवून घेतल्या.

"स्वतःच्या लेकीचं झबलंसुद्धा इतकं मापात शिवायला लावलं नव्हतंस," मी म्हटलं.

"लेक पडली तर रडेल आणि उठेल. हे पडलं तर संपलं."

प्रयोगशाळेत शिरताना मुलांनी हात पाठीमागे बांधायचे, असा तिचा नियम होता. ती स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली काच लावायची, मुलं ओळीने येऊन डोळा टेकवायची आणि पुढे सरकायची. सगळं साहित्य तळहाताच्या फोडासारखं जपलं तिने. मला ते पाहून संताप यायचा. "काठावर उभं करून पोहायला शिकवतेस का गं?" असं मी तोंडावर विचारलंही.

"वर्ग सुरू होऊ देत, मग बघ," ती म्हणायची.

तपासणीचे साहेब आले. काचा लख्ख, धुळीचा कण नाही. मुख्याध्यापकांची छाती फुगली. साहेबांनी समोरच्या मुलीला जवळ बोलावलं. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी ती. "कांद्याचा पापुद्रा ठेव आणि मला दाखव."

पेशी कशा असतात ते तिने घडाघडा सांगितलं, पण पाठीमागचे हात काही सुटेनात.

"अगं, लाव की हात."

तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने मान हलवून होकार दिला, तरी ती जागची हलली नाही. दुसरीला सांगितलं, तीही तशीच उभी.

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "बाई, इथे काहीच फुटलेलं नाही," ते म्हणाले. "शहरातल्या शाळेत दर वर्षी फूटतूट होते. मुलं वापरतात, म्हणून होते. आम्हाला वापर बघायचा असतो."

"मग हे आधी कुणी सांगितलं का नाही, साहेब?" वहिनीने विचारलं.

साहेबांनी चष्मा पुसला आणि ते निघाले.

दुसरा हप्ता आला नाही. साहित्य शहरातल्या शाळेला द्यायचा हुकूम मात्र लगेच आला.

टेम्पोत खोकी चढत होती तेव्हा वहिनीला सोबत म्हणून मी शाळेच्या फाटकाशी उभी होते. ती हुशार मुलगी धावत आली. रडून तिचा चेहरा सुजला होता.

"बाई, का नेताहेत? मी खरंच हात नव्हता लावला."

वहिनीने तिला जवळ ओढलं. "तू नाही गं चुकलीस, मी चुकले," एवढंच तिला बोलता आलं. मला त्या मुख्याध्यापकांना, साहेबांना, सगळ्यांनाच फाडून खावंसं वाटत होतं, पण टेम्पो निघून गेला आणि फाटकाशी आम्ही तिघीच उरलो.

मुलगी दहावीला शाळेत पहिली आली. आता घरीच असते.