चार सह्या

अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीत, माजी सैनिकांच्या मदत केंद्रात मी पाच वर्षं काम केलं. केंद्र म्हणजे लायब्ररीच्या तळघरातली एक खोली. दोन टेबलं, एक खचलेला सोफा, कॉफीचं मशीन आणि भिंतभर माझ्या याद्या. प्रवेशाला काय लागतं, कुठला फॉर्म आधी, कुठला नंतर, सगळं क्रमानं. "आर्मी बरी होती, मॅम," असं एकजण मला रोज चिडवायचा. मला त्याचा रागही यायचा नाही. उलट बरंच वाटायचं.

इराकचं युद्ध सुरू होऊन वर्ष झालं होतं. एका गुरुवारी दुपारी एक मराठी मुलगी आली. इथेच जन्मलेली, आर्मीतून एकदा अफगाणिस्तानात जाऊन आलेली, आता बायॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला. तिच्या आईला मी ओळखत होते. दरवर्षी मिशिगनमधल्या ट्रॉयला, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेट व्हायची. मुलगी मला खोलीत सगळ्यांसमोर काकू म्हणायची आणि मी जरा अवघडायचे.

"काकू, परत बोलावलंय. सॅटर्डेला सकाळी रिपोर्ट करायचंय."

मी फॉर्म काढला. मध्येच सेमेस्टर सोडायचं तर चारही प्रोफेसरांच्या सह्या हव्यात, नाहीतर सगळ्या विषयांत नापास असा शेरा लागतो. मी यादी करून दिली: नाव, इमारत, भेटायची वेळ. चौथे प्रोफेसर शुक्रवारी चारनंतरच भेटणार होते.

तिनं यादी वाचली. "तुम्ही कॉल कराल का त्यांना? मला आत्ताच घरी निघायचंय. आईला अजून काहीच माहीत नाहीये. समोर बसून सांगायचंय. फोनवर ती... यू नो आई."

घर तीन तासांवर होतं.

"सह्या स्वतः घ्यायच्या असतात," मी म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखे."

ते खरं नव्हतं. आदल्याच आठवड्यात दोन मुलांचा बाप असलेल्या एका सार्जंटसाठी मी स्वतः प्रोफेसरांना फोन लावले होते, सह्या नंतर गोळा केल्या होत्या आणि त्याला म्हटलं होतं, तू घरी जा. तो परका होता, म्हणून मला मोकळेपणानं मदत करता आली. ही आपली. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून मी तिला काटेकोर नियम लावला. आपल्याकडे शिक्षक स्वतःच्या पोराला वर्गात जरा जास्तच रागावतात, तसं. मला त्याचा अभिमानसुद्धा वाटला होता.

गुरुवारी दोन सह्या झाल्या, शुक्रवारी सकाळी तिसरी. दुपारी आईचाच फोन आला: वीकेंडला येतेयस ना, काय करून ठेवू? मग तिला फोनवरच सांगावं लागलं. माझ्या दाराबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये, भिंतीला टेकून ती बोलत होती. "आई, रडू नको ना. प्लीज. आई, ऐक ना. नाही, मी आज येतेय, पण लेट होईल. सही राहिलीय एक."

मी आत फाइल लावत होते. तेव्हाही उठता आलं असतं. फॉर्म हातातून घेऊन 'जा' म्हणता आलं असतं. मी उठले नाही. चार वाजायला तीन तास होते आणि यादीत एकच ओळ उरली होती.

दीड वर्षानं ती सुखरूप परतली आणि राहिलेलं शिक्षण पूर्ण करायला आली. दरम्यान मी सेमेस्टर मध्येच सोडणाऱ्यांसाठीची भिंतीवरची यादी बदलली होती. पहिली ओळ: प्रोफेसरांना फोन केंद्र करेल, तुम्ही घरी जा. तिनं ती उभ्यानंच वाचली. "गुड," एवढंच म्हणाली आणि कॉफी ओतून घेतली. मी माफी मागायची ठरवली होती. काय बोलायचं ते कागदावर लिहूनही ठेवलं होतं. तो कागद ड्रॉवरमध्येच राहिला.

त्या वर्षी गणपतीत आरतीनंतर तिची आई गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली. माझ्या हातावर मोदक ठेवला.

"ती जाताना तुम्ही होतात म्हणून बरं. ती सांगत होती, काकूंनी सगळं केलं. आपलं माणूस असलं की किती फरक पडतो हो."

मी मोदक खाल्ला आणि मान डोलावली.