गोड बातमी आणि आंबट ढेकर

लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. घाटकोपरच्या चाळीत आम्ही तिघं राहायचो: नवरा, मी आणि सासूबाई. मी अंधेरीला एका ऑफिसात टायपिस्ट होते. एका सकाळी चहाचा घोट घेतला आणि पोटात असं ढवळलं, की मोरीकडे धावले.

सासूबाईंचा चेहरा उजळला. "काय गो, सकाळीच मळमळता?"

मी लाजले. पाळीची तारीख अजून उलटलीही नव्हती, पण एवढा मान मिळत असताना असला हिशोब कोण करतं!

संध्याकाळी ऑफिसातून आले तोवर बातमी चाळभर झाली होती. शेजारणींनी कैरीचं लोणचं, दहीवडे, अळूवड्या पाठवल्या. दोन जिवांचं खायचं म्हणून मी सगळं निष्ठेने संपवलं. कमरेवर हात ठेवून चालू लागले. पाण्याची बादली नवऱ्याकडे गेली. मुलीचं नावही मी ठरवून टाकलं. पोट फुगलं, तर तोही मी पुरावाच मानला.

शेवटी छातीत इतकी जळजळ सुरू झाली की सासूबाई मला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "जेवता कसं?"

मी सांगितलं. सकाळी ओट्याशी उभ्याने चार घास, दुपारी टाइप करता करता डबा, रात्री सगळ्यांचं झाल्यावर घाईघाईत, आणि जेवण झालं की लगेच आडवी.

"अपचन आहे," डॉक्टर म्हणाले.

"नक्की?" मी रडवेल्या आवाजात विचारलं. त्यांनी लघवी तपासायला पाठवली. त्यातही माझ्या बाजूने काही निघालं नाही.

चाळीत शिरताना मी पदर तोंडाशी धरला होता. शेजारणीने हसून विचारलं, "मग, काय म्हणाले?"

"गॅस झालो हा तिका!" सासूबाईंनी साऱ्या गॅलरीला ऐकू जाईल असं सांगून टाकलं.

घरात येताच मात्र त्यांनी मऊ भात टाकला, ताक घुसळलं आणि दोन ताटं मांडली. "बस आधी. उभ्यानं खातंस, मगे पोट फुगतला नाय तर काय! हळू चाव."

मी बसले. त्याही शेजारी बसल्या. थोड्या वेळाने ताटाकडे बघत म्हणाल्या, "माका कोणी बस म्हणूक नाय कधी."

मी चावत राहिले. आता रडले असते, तर त्यांना पुन्हा डोहाळेच वाटले असते.