अब्बांची उजळणी

अब्बा बारामतीच्या बाजारात चादरी विकायचे. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात शिरलं तरी ह्यांचं तोंड चालूच. अशा माणसाला अर्धांगाचा झटका आला आणि जिभेवर एकच शब्द उरला, व्हय. चहा हवा का, व्हय. नको का, तरी व्हयच.

आम्माला त्यांच्या लुळ्या पायापेक्षा जिभेची काळजी. मयताला माती देऊन माणसं माघारी वळली, की कबरीत मुनकर-नकीर हे दोन फरिश्ते येतात आणि विचारतात, तुझा रब कोण? तिथं हे व्हय म्हणाले तर? म्हणून रोज असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर ती त्यांची उजळणी घ्यायची.

"अवो, तुमचा रब कोण?"

"व्हय."

"असं न्हाय. अल्ला म्हणा."

बराच वेळ ओठांशी झटून कधीमधी ते 'अल्ला' म्हणायचेही. पण मधे कुणी बोललं, घाई केली की गेलंच, पुन्हा व्हय. मी सासरहून, इंदापूरहून आले की हे बघून माझं डोकं फिरायचं.

"आम्मा, फरिश्तं हायेत ते, त्यांना समदं कळतं. कशाला छळतीस म्हाताऱ्याला?"

"छळत न्हाय गं. तितं मी नसणार."

अब्बा यंदा उन्हाळ्यात गेले. कबरस्तानात आमच्याकडं बायका जात नाहीत. जनाजा उचलायच्या आधी आम्मानं माझ्या भावाला बाजूला घेतलं. "समदी वळली तरी तू थांब. त्यांना आठवण करून दे."

भाऊ परतला, नखांत माती तशीच. आम्मानं त्याला पाणीही विचारलं नाही.

"थांबलास?"

"थांबलो. अब्बांना म्हणलं, अल्ला म्हणा. फरिश्त्यांना म्हणलं, ह्यांना बोलाय जमत न्हाय, सांभाळून घ्या."

"घाई केली की ते चुकत्यात, हे सांगितलंस?"

भावानं मान खाली घातली. "ते राहिलं, आम्मा."

आता आम्माची, नवरा गेल्यावरची इद्दत सुरू झालेली, म्हणजे कित्येक दिवस उंबरा ओलांडायचा नाही. असरची वेळ झाली तशी ती हातपाय धुऊन, वजू करून नमाजला उभी राहिली.

नमाज संपताना दोन्ही खांद्यांवरच्या फरिश्त्यांना सलाम करतात. आम्मानं उजवीकडं केला, डावीकडं केला. मग पुन्हा उजव्या खांद्याकडं वळून हळू म्हणाली, "तुमच्यातलेच हायेत ते कबरीतले दोघं. त्यांना सांगा, जरा दम धरा. माणूस बोलतोय."