वेणीतला गूळ

सोकोर्रो गावाच्या खालच्या अंगाला जे गुऱ्हाळ आहे, तिथं एदेल्मिरा काहिलीपाशी उभी असायची. पाक कधी उतरवायचा हे तिनं सांगितल्याबिगर कुणी काहिलीला हात लावत नसे. आणि तिच्याच सहा वर्षांच्या युरानीला गुळाचा खडा वर्ज्य झाला होता.

पोरीला फेफरं येई. औषधं पुरी पडेनात, तेव्हा शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी औषधांच्या जोडीला आहार बांधून दिला. लोणी, साय, अंडी, अ‍ॅव्होकाडो. भात, मका, गोड बंद. बाईंनी समजावलं ते गुऱ्हाळाच्याच भाषेत. मेंदूही चुलवाणच, रोज साखर जाळतो. साखर मिळेना की अंग चरबीतून दुसरं सरपण करतं, आणि त्या सरपणावर पुष्कळ पोरांचे झटके कमी होतात. मधेच गोड पोटात गेलं की हे सरपण आटलं. लघवीत पट्टी बुडवायची, जांभळी झाली की सरपण पेटलं म्हणायचं.

पट्टी जांभळी झाली, झटके उणावले. मग गाळप भरात आलं, एदेल्मिरा दिवसभर काहिलीवर राहू लागली, आणि पट्टी फिकी पडली. झटके परत आले.

संशय सासूवर गेला. या मुलखात पोरगं शिंकलं तरी गुळाचं गरम पाणी पाजतात. एदेल्मिरानं ऑक्ताविया म्हातारीला तोंडावरच विचारलं.

"नातीच्या जिवावर उठंन व्हय मी?" म्हातारी म्हणाली. "तिला पाजते तो माझा पेला हुंगून बघ."

एदेल्मिरानं खरंच हुंगला. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं तुटलं.

एका दुपारी एदेल्मिरा जेवायला घरी आली आणि तशीच पोरीला घेऊन दोरांवर टांगलेल्या झोळीत कलंडली. जाग आली ती सासूनं खांदा हलवल्यावर. म्हातारीनं नुसतं बोट दाखवलं. रोज रात्री झोपायची तशीच आईला बिलगलेली युरानी झोपेत तिच्या वेणीचं टोक चोखत होती. काहिलीवर वाकून वाकून ती वेणी पाकात माखलेली, वाळून काडीसारखी ताठ.

"माझा पेला हुंगलीस," म्हातारी म्हणाली, "आता सवताचं डोस्कं हुंग."

एदेल्मिरानं माफी मागितली नाही. उठून कात्री आणली आणि सासूच्या हातात दिली.

तेव्हापासून म्हातारी उंबऱ्यात बादली आणि साबण घेऊन बसते. गुऱ्हाळावरून आलेली सून धुतल्याशिवाय आत येत नाही. पट्टी पुन्हा जांभळी झाली, झटके विरळ झाले. परवा तर युरानी एकटी ओढ्यापर्यंत पळाली आणि कुणी मागं धावलं नाही.

पोर मात्र रुसलेली असते. आईच्या मानेला तोंड लावून म्हणते, "तू आता नुसती साबणावानी लागतीस."

"लागू दे," म्हातारी सांगते. "साय खा गुमान."